बुधवारचा बहिष्कार

४ मार्च, मंगळवार

न्हाव्याशी भांडलो, मी कामाला असतो त्या दुकानाच्या मालकाशी भांडलो, घरी येऊन आईशी भांडलो. आई म्हणाली, "एवढं डोक्यात जातंय तर लिहून काढ, निदान शेजाऱ्यांना तरी झोप लागेल." म्हणून लिहितोय. तिने सांगितलं म्हणून नव्हे, मला वाटलं म्हणून.

आमच्या वसाहतीतून स्टेशनाला जाणारी पायवाट बंद होणार. आज खांबावर नोटीस लागली. वाटेच्या दोन्ही अंगांची मोकळी जमीन एका कंपनीने घेतली आहे आणि तिथे गोदाम उभं राहतंय. एका बाजूचं उभं राहून सुरूही झालं. उरलेल्या बाजूला म्हणे आमची वाट आडवी येते. माझ्या जन्माच्या आधीपासून लोक जिच्यावरून चालतात ती वाट यांना आता आडवी आली!

दुसरा रस्ता आहे, उड्डाणपुलाला वळसा घालून जाणारा. तरण्याताठ्या माणसाचाही जीव जातो. माझी आई मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात आहे. ओल्या चादरी उचलून उचलून तिचा उजवा गुडघा कामातून गेलाय. सकाळची गाडी चुकली की तिथे दारावरूनच परत पाठवतात. ती कशी जाणार वळशाने?

कंपनीने भलामोठा फलक लावलाय: 'आम्ही तुमचे जबाबदार शेजारी.' खाली लिहिलंय की स्टेशनाजवळ गोदाम असलं की कामगार रेल्वेने येतात, रस्त्यावरच्या गाड्या कमी होतात, हवा स्वच्छ राहते. मी न्हाव्याला म्हटलं, "स्टेशनाजवळ माणसं राहतात, कारण त्यांना गाडी पकडायची असते. खोक्यांना कुठली गाडी पकडायची असते?"

न्हावी म्हणाला, "मान हलवू नकोस, कान जाईल."

याचं दुकान वाटेच्या तोंडाशी. वाट गेली की गिऱ्हाईक गेलं. आणि हा माझ्या कानाची काळजी करतो! मी तसाच उठून आलो. आता एका बाजूने विद्वान दिसतो, दुसऱ्या बाजूने कैदी.

७ मार्च, शुक्रवार

मामाने कंपनीत नोकरी धरली. गोदामाच्या फाटकावर पहारेकरी. आईचा सख्खा धाकटा भाऊ! वर गणवेश घालून दाखवायला आला.

"कसा दिसतो, ताई?"

"बाह्या लांब झाल्यात. काढून ठेव, आखूड करून देते."

मी म्हटलं, "शत्रूचा गणवेश आहे तो."

"भाच्या," मामा म्हणाला, "दोन वर्षं घरी बसलो होतो तेव्हा तुझा मित्रपक्ष आला नाही विचारायला. आणि कॉलेज सोडून तू झेरॉक्सच्या दुकानात कागद सरकवतोस, ते कुठलं सैन्य?"

कॉलेज मी तत्त्वासाठी सोडलं. सरांनी भर वर्गात एका मुलाला 'तुझी लायकी नाही' म्हटलं, मी निषेध म्हणून उठून बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. तो मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी गेला. पासही झाला. तो वेगळा विषय आहे.

१० मार्च, सोमवार

आज वाटेवर एक मुलगी दिसली. हातात काठीला लावलेलं चाक, ते जमिनीवर फिरवत लांबी मोजत होती. दुसऱ्या मुठीत एक छोटं यंत्र. माणूस समोरून गेला की अंगठ्याने दाबायची, टिक. मग दुकानात नकाशाच्या प्रती काढायला आली. गळ्यातलं ओळखपत्र उलटं पडलं होतं, त्यामुळे नाव वाचता आलं नाही. मी तिला टिकटिक म्हणतो. मनातल्या मनात.

मी विचारलं, "कंपनीच्या का तुम्ही?"

"नाही. मोजणी करणाऱ्या संस्थेची. वाट बंद करायची तर आधी तिच्यावरून किती माणसं जातात ते एका दिवसात मोजा, अशी नगरपालिकेची अट आहे. त्रयस्थाने मोजायचं. सध्या सराव चाललाय."

"तुम्हाला पैसे कोण देतं?"

"कंपनी."

"मग कसले त्रयस्थ!"

तिने प्रती नीट जुळवल्या. म्हणाली, "तुम्हाला पैसे मी दिले. म्हणून तुम्ही नकाशा बदललात का?"

मला आजवर असं कुणी गप्प केलेलं नाही. सरांनीसुद्धा नाही.

ती गेल्यावर मालक म्हणाला, "तोंड मिट आता, मशिनमध्ये माशी जाईल." मालकाला अक्कल नाही.

१४ मार्च, शुक्रवार

आज संतापाने अक्षर वाईट येतंय.

कंपनीचा एक अधिकारी आहे, सामाजिक बांधिलकी खात्याचा. आम्ही त्याला हसरा म्हणतो. घर जळाल्याची बातमी दिली तरी हा माणूस आधी हसेल आणि मग पाणी मागवेल. आज वाटेच्या तोंडाशी मंडप घालून त्याने वसाहतीला छत्र्या वाटल्या. कशासाठी? तर वळशाच्या रस्त्यावर सावली नाही! वाट आमची घ्यायची आणि उन्हात चालण्याबद्दल छत्री द्यायची, तीही कंपनीचं नाव छापलेली. म्हणजे आम्ही लंगडत लंगडत त्यांचीच जाहिरात करायची!

मी पुढे होऊन विचारलं, "ही जबाबदारी आहे की थट्टा?"

हसरा हसला. "तुमच्यासारख्या तरुणांची ऊर्जा आम्हाला हवीच आहे." आणि माझ्या हातात छत्री दिली. मी ती खाली आपटली. आईने उचलली, झटकली आणि वर आणखी एक मागून घेतली.

"आई!"

"ऊन काय तुझं तत्त्व बघून पडतं का?"

संध्याकाळी मात्र सगळा राग विरला. टिकटिक चाक उचलून निघाली होती. मी वाटेबद्दल तावातावाने बोलत होतो, ती ऐकत होती. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? हे मोजलं गेलं पाहिजे." हसऱ्याचा माणूस जवळच मंडप उतरवत होता. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बुधवारी इथे असाल ना? नक्की या. घरच्यांना आणा. शेजाऱ्यांनाही आणा. जितके येतील तितके."

मुलगी घरच्यांना आणा म्हणते याचा अर्थ न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. शेजारी कशाला ते मात्र समजलं नाही. बहुतेक मोकळ्या स्वभावाची आहे.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी बुधवारसाठी शर्ट इस्त्रीला दिला. दुपारी न्हाव्याकडून राहिलेले केस कापून घेतले, त्याची क्षमा मागून. आणि बाहेर येतो तर काय, हसऱ्याची मोठी गाडी समोरून गेली. पुढच्या आसनावर ती. आणि हसत होती! नुसती गालात नाही, खळखळून.

सगळं लक्षात आलं. त्रयस्थ! एकाच माळेचे मणी सगळे. आणि मी इकडे आईला कोणती साडी नेस म्हणून सांगत बसलो होतो.

संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानात वसाहतीची सभा होती. एरवी सभेत बेसिन गळतंय इथपासून सुरुवात होते आणि तिथेच संपते. आज मी खुर्चीवर चढलो. "उद्या, बुधवारी, वसाहतीतल्या एकाही माणसाने या वाटेवर पाऊल ठेवायचं नाही! बहिष्कार! ही वाट आपल्याशिवाय कशी ओसाड दिसते ते कंपनीला बघू दे!"

न्हावी म्हणाला, "म्हणजे वाट वाचवायला वाटेवर जायचं नाही?"

"उपाशी राहिल्यावर अन्नाची किंमत कळते की नाही?"

"कळते. जो उपाशी राहतो त्याला."

पण लोक माझ्या बाजूने होते. टाळ्या पडल्या. ज्यांना मी कधी बसलेल्या जागेवरून हलताना पाहिलं नाही ते म्हणाले, उद्या वळशाने जाऊ. मला माझंच नवल वाटलं.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो. बुधवारच का? कारण ती तिथे वाट बघत उभी राहील आणि मी येणार नाही. कुणीच येणार नाही. घे म्हणावं.

१९ मार्च, बुधवार

ऐतिहासिक दिवस! वाटेवर चिटपाखरू नाही. सकाळी वळशाच्या रस्त्यावर आमच्या लोकांची ही रांग! ऊन होतं म्हणून कंपनीच्या छत्र्या उघडल्या होत्या, तेवढं जरा विचित्र दिसलं. पण शिस्त बघावी तर ती.

टिकटिक पहाटेपासून वाटेच्या तोंडाशी उभी. शेजारी हसऱ्याचा माणूस, कॅमेरा घेऊन. ती सारखी वसाहतीकडे बघत होती. कुणासाठी ते मला माहीत होतं. मी दुकानाच्या काचेआड बसून राहिलो. काळीज दगडाचं केलं.

दुपारी ती प्रत काढायला आली. कॅमेरेवाला दारातच उभा राहिला. तिने कागद पुढे केला, कोरा.

"लोक कुठे आहेत?"

"बहिष्कार," मी म्हणालो. "मीच पुकारलाय."

"आजच?"

"आजच."

ती स्टुलावर बसली. मालकाने पाणी दिलं ते हातात तसंच धरून ठेवलं. मग कॅमेरेवाल्याकडे पाठ करून पुटपुटली, "अजून संध्याकाळ आहे. परत येणारे तरी या वाटेने येऊ देत. मी तुमच्या पाया पडते."

मी म्हणालो, "शब्द म्हणजे शब्द."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कोऱ्या कागदाची कोरी प्रत घेऊन, तिचे पैसे देऊन, ती निघून गेली. मला वाईट वाटलं. पण माझ्या न येण्याने ती एवढी हलली, याचा अर्थ त्या गाडीतल्या हसण्याला काही अर्थ नव्हता. उद्या माफ करून टाकीन.

रात्री कळलं की बहिष्कार फुटला. कुणी फोडला? माझ्या आईने! सकाळी वाटेवरूनच गेली, संध्याकाळी वाटेवरूनच आली.

"सगळी वसाहत वळशाने गेली आणि पुढाऱ्याची आई—"

"पुढाऱ्याच्या आईचा गुडघा वळशाने जात नाही," ती म्हणाली. "शेक द्यायला पाणी ठेव."

३ एप्रिल, गुरुवार

आज नगरपालिकेत सुनावणी झाली. लिहायचं की नाही, दोनदा लेखणी खाली ठेवली.

अधिकारी टेबलामागे. एका बाजूला हसरा आणि त्याचे वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही. आईने रजा टाकली होती. टिकटिकने उभं राहून अहवाल वाचला, एका सुरात. "गणनेचा दिवस, बुधवार, एकोणीस मार्च. पहाटेपासून रात्रीपर्यंत वाटेचा वापर करणाऱ्या व्यक्ती, अकरा."

अकरा. बुधवारी सराव नव्हता. बुधवारीच मोजायचं होतं. आणि ते तिने मला, नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून, आधीच सांगितलं होतं. घरच्यांना आणा, शेजाऱ्यांना आणा, जितके येतील तितके.

सभागृहात आमचेच लोक माझ्याकडे बघायला लागले.

तिने अहवाल मिटला, पण ती बसली नाही. म्हणाली, "त्या दिवशी वसाहतीचा बहिष्कार होता. हा आकडा रोजचा नाही. सरावात रोज हजाराच्या वर माणसं दिसली. पुन्हा मोजणी व्हावी." वकील उठले: हे अहवालात नाही. हसरा आज पहिल्यांदा हसत नव्हता.

मी ताडकन उभा राहिलो. "खरं आहे! लोक नव्हते, कारण मी त्यांना अडवलं होतं! सगळे माझ्या सांगण्यावरून वळशाने गेले!"

"सगळे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"सगळे!"

"कामावर पोहोचले?"

"पोहोचले की!"

"म्हणजे पर्यायी रस्ता पुरेसा आहे, असंच तुम्ही सांगताय."

न्हाव्याने माझा शर्ट ओढून मला खाली बसवलं. तेवढ्यात मागून आई उभी राहिली. "साहेब, त्या अकरांत एक मी आहे. आम्ही अकरा पर्यायी रस्त्याने पोहोचलो नसतो, म्हणून तर वाटेवर होतो."

अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. म्हणाला, नोंद घेतली.

घरी आल्यावर आईने शेकायचं पाणी स्वतःच ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

५ एप्रिल, शनिवार

टिकटिक जाणार असं कळलं. तिला या कामावरून काढलं, दुसऱ्या शहरात पाठवतायत. धावत स्टेशनावर गेलो. फलाटावर बॅगेवर बसली होती.

मी म्हणालो, "माझ्यासाठी तुम्ही—"

"तुमच्यासाठी नाही हो. आकडा खोटा होता आणि खाली माझी सही होती."

"मग त्या दिवशी त्यांच्या गाडीत? हसत होतात तुम्ही."

आधी तिला आठवेना. मग म्हणाली, "ते होय! वळशाचा रस्ता किती सोपा आहे हे दाखवायला त्यांनी मला गाडीतून फिरवलं. गाडीतून! म्हणाले, बघा, पोहोचलोसुद्धा. हसू नको तर काय करू?"

याच्यावरून मी अख्खी वसाहत वळशाला लावली. याच्यावरून!

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "माझी कशाला मागताय? मला रोज तिथून चालायचं नाहीये." मग गाडी आली. प्रेमाबिमाचं कुठे काही नव्हतं असं एकंदर दिसतं. तरी चढताना तिने एकदा मागे वळून पाहिलं. बॅग राहिली का ते बघायला असेल. पण पाहिलं.

१५ एप्रिल, मंगळवार

निकाल लागला. वाट बंद. फेरमोजणीची 'गरज दिसून येत नाही.' काल दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले.

आई आज घरातून नेहमीपेक्षा बरीच लवकर निघाली, वळशाने. दुपारी जेवायला घरी गेलो तर ती घरात. गाडी चुकली होती, इस्पितळाच्या दारावरून परत पाठवली. पुन्हा असं झालं तर येऊच नका म्हणाले. गुडघा सुजून मडक्याएवढा. घासलेल्याच कपबश्या पुन्हा घासत होती.

मी म्हणालो, "आई, माझ्यामुळे."

"हो," ती म्हणाली. "कपडा दे."

२१ एप्रिल, सोमवार

पत्र्याच्या जागी भिंत झाली. आणि कंपनीने जबाबदारीने त्या भिंतीवर चित्र काढून घेतलंय. कसलं? पायवाटेचं! दोन्ही बाजूंना झाडं, मधून वाट, तिच्यावरून हसत चाललेली माणसं. आमची वाट विटांनी बुजवली आणि तिच्यावरच वाटेचं चित्र! कोपऱ्यात लिहिलंय: 'चालूया सोबत.'

माझं डोकं फिरलं. डांबराचा डबा आणलाय. उद्या सकाळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्या हसऱ्या माणसांची तोंडं काळी करणार. धरून नेलं तर नेलं.

२२ एप्रिल, मंगळवार

डबा घेऊन गेलो. बघतो तर आई आधीच तिथे, आणि तिच्या मागे वसाहतीतल्या बायका, पुरुष, न्हावीसुद्धा दुकान उघडायचं सोडून. पण भिंतीपाशी नाही. गोदामाच्या फाटकापाशी.

आई मामाला म्हणत होती, "आतून पलीकडे दार आहे ना, कामगारांचं?"

"आहे की. स्टेशनाच्या जिन्यासमोरच उघडतं. कामगार रेल्वेने येतात ना."

"मग बाजूला हो."

"ताई, माझी नोकरी आहे."

"माझीही आहे. अजून."

मामाने तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. मागे हमरस्त्यापर्यंत उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. आई वाकता येत नाही म्हणून फाटकाच्या आडव्या दांड्याला धरून, कमरेतून कलून, एक पाय आधी, मग दुसरा, अशी त्याच्याखालून आत गेली. आत ट्रक सुटायची वेळ. चार-पाच गुरगुरत उभे, एक मागे येत होता, तिच्याच दिशेने.

मामाने शिट्टी फुंकली. अशी की माझ्या हातातला डबा हिंदकळला. "थांबवा! सगळ्या गाड्या जागच्या जागी! इंजिन बंद!"

एक चालक खाली उतरून बोंबलला, "काय झालं?"

मामाने मागच्या लाल फलकाकडे बोट केलं. 'आवारात कुणीही चालत असेल तर सर्व वाहने थांबतील. सुरक्षितता ही आमची जबाबदारी.' आणि त्याने दांडा वर केला.

माणसं आत शिरली. कुणी धावलं नाही, कुणी ढकललं नाही. छत्र्या, डबे, पिशव्या घेऊन रोज स्टेशनाला जातात तशी चालत राहिली. एकामागून एक ट्रक गप्प झाले. हसरा कार्यालयातून धावत आला. "अरे, माल अडलाय! हटवा यांना!"

"साहेब," मामा म्हणाला, "माणसं आत आहेत तोवर गाडी हलवता येत नाही. मला पहिल्या दिवशी तुम्हीच पाठ करायला लावलंत."

"उद्याही येणार का हे?"

"उद्याही कामाचाच दिवस आहे."

"तुला काढून टाकीन!"

"काढा. पण माझ्या जागी येईल त्यालाही हेच पाठ करायला लावाल ना?"

माझ्या अंगात वीज शिरली. डबा ठेवला, धावत आईला गाठलं, मूठ वर केली, छाती भरून श्वास घेतला आणि पहिली घोषणा ओठांवर आली.

आईने माझी वर गेलेली मूठ पकडून खाली आणली आणि तिच्यावर आपला सगळा भार टाकला.

"ओरडू नकोस. चाल. गाडी चुकेल."